पैऱ्याचं रान

पौष लागला की शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर काही वाळत घालायची सोय उरत नाही. सकाळी धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाकावी आणि अकराच्या सुमाराला वर जाऊन बघावं, तर तिच्यावर बोटभर लांबीचे काळे तुकडे येऊन निवांत बसलेले असतात. झटकायला जावं तर त्यांची भुकटी होते आणि चादरीवर रेघ उठते. नदीपलीकडे, पन्हाळ्याच्या रस्त्याला, कुणाचा तरी ऊस तुटून कारखान्याला गेलेला असतो आणि त्यानं मागं राहिलेला पाला पेटवलेला असतो. शेजारच्या वहिनी कठड्याशी उभ्या राहून त्या अज्ञात शेतकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे बघतात. मी दोरीवरचे चिमटे काढत राहते. चादर माझी असते हे खरं, पण नदीपलीकडे तीस गुंठे ऊसही माझाच आहे.

यंदाही ते तुकडे आले. मी चादर काढली, पुन्हा भिजत घातली आणि चहा घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले, तेव्हा लक्षात आलं की मी वास घेत बसले आहे. जळक्या पाल्याचा वास वाईट नसतो. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र आणि पर्यावरण शिकवलेल्या बाईनं ही कबुली द्यावी की नाही, मला माहीत नाही. त्यात थोडा गोडसरपणा असतो, रानात राहून गेलेल्या कांड्यांतला रस करपल्याचा. माझं निम्मं आयुष्य त्या वासात गेलं. गेल्या वर्षीचा हंगाम तर सगळाच त्यात गेला, आणि तो अजून संपलाय असं वाटत नाही.

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीची टोळी येते, ऊस बुडातून तोडते. शेंड्याचे हिरवे वाडे जनावरांना जातात, कांडी कारखान्याला जाते आणि रानात उरतो तो वाळलेला पाला. गुडघ्याएवढा, फिकट पिवळा, धारदार, चालताना चरचर वाजणारा. त्याच्याखाली तोडलेल्या उसाचे बुडखे असतात आणि दहा-पंधरा दिवसांत त्यांतून नवे कोंब येतात. तो खोडवा, म्हणजे पुन्हा लागण न करता मिळणारं दुसरं पीक. कोंब वर यायच्या आत पाला पेटवून द्यायचा ही आमच्याकडची रीत. एका दुपारी सगळं रान काळंभोर होतं. “रान कसं लख्ख झालं,” म्हणतात लोक. काळ्या रानाला लख्ख म्हणावं ते आमच्याच लोकांनी.

माझा नवरा, सुभाष, बँकेत होता आणि सकाळी व रविवारी शेतकरी होता. पाला पेटवायच्या दिवशी तो हटकून रजा टाकायचा. घरी यायचा तेव्हा भुवया करपलेल्या, शर्टाला बारीक भोकं, आणि चेहऱ्यावर मोठं काही साधल्याचा आनंद. मी शाळेतून येऊन त्याच्यावर तोंड सोडायची. “आज वर्गात मी मातीतल्या जीवांवर धडा घेतला आणि तू इकडे तेच जाळून आलास!” तो म्हणायचा, “तुझा धडा परीक्षेपुरता, माझं रान खोडव्यापुरतं.” मग तो अंघोळीला बसायचा आणि मोरीत काळं पाणी वाहायचं. हे भांडण आम्ही दरवर्षी त्याच महिन्यात, जवळजवळ त्याच शब्दांत केलं. मला ते फार आवडायचं. आता भांडायला कुणी नाही, हे इतकं साधं वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं.

त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो फार चालू शकत नव्हता. तरी रानात जायचा हट्ट केला म्हणून मी त्याला रिक्षानं घेऊन गेले. तो बांधावर बसला आणि त्यानं एक ढेकूळ उचललं. हातात दाबलं. फुटेना. दोन्ही हातांनी दाबलं, तरी फुटेना. हात अशक्त झाले होते हे खरंच, पण ढेकूळही तसंच होतं, भाजल्या विटेसारखं. मी घेऊन बघितलं तर माझ्याकडूनही फुटलं नाही. तो म्हणाला, “मेली का गं ही माती?” मी सवयीनं बाईंच्या आवाजात उत्तर दिलं, “मेली नाही, उपाशी आहे. तिचं खाणं आपण दरवर्षी जाळतो.” त्यानं ढेकूळ माझ्या हातातून घेऊन बांधावर ठेवलं. मग म्हणाला, “यंदा तुटला की नको पेटवूया.” एवढ्या वर्षांचं भांडण मी त्या एका वाक्यात जिंकले आणि मला जिंकल्याचा काडीचा आनंद झाला नाही. श्रावणात तो गेला.

मी शाळेत अन्नजाळं शिकवायची. फळ्यावर पान, नाकतोडा, बेडूक, साप, घार, सगळे खडूचे बाण इकडून तिकडे. खाली एका कोपऱ्यात बुरशी आणि गांडूळ, म्हणजे मेलेलं सगळं पुन्हा मातीत नेणारे. बाण चुकला की मी अर्धा गुण कापायची. सहजीवन शिकवताना घरच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल घेऊन जायची. हे एक नाही, दोघं आहेत, असं सांगायची. एक बुरशी, एक शैवाल. एक निवारा देते, दुसरं अन्न करतं, आणि दोघं मिळून दगडावर जगतात. मुली ते दगडफूल नाकाला लावून हुंगायच्या आणि म्हणायच्या, “बाई, मटणाचा वास येतोय.” त्या फळ्यावरच्या बाणांच्या गुंत्यात ऊसवाला माणूस कुठं काढायचा, हे मला कुठल्याच मुलीनं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आमचा ऊस तुटला. टोळी गेली आणि मी त्या पाल्यात एकटी उभी राहिले. ऊन कोवळं होतं, पाला उबदार होता, आणि त्यात पाय टाकला की खालून मातीचा गारवा लागायचा. मी ठरवलं होतं सगळं. दोन बाया लावायच्या, बुडख्यांवरचा पाला ओढून सरीत, म्हणजे दोन ओळींमधल्या चरात, दाबायचा, वर शेणाचं पाणी शिंपायचं, आणि मग नुसती वाट बघायची. सुभाष असता तर त्यानं यात पन्नास खोडी काढल्या असत्या. पाणी कसं फिरायचं, उंदीर झाले तर काय. मी कुणालाच काही सांगितलं नाही. लोक हसतील ही भीती होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. हा माझा आणि त्याचा मामला होता आणि मला त्यात तिसरं कुणी नको होतं. तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला, गुडघ्याचं ऑपरेशन लवकर ठरलं म्हणून. मी आठ दिवसांसाठी पुण्याला गेले.

परत आले ती थेट रानातच गेले. फाट्यावर एसटीतून उतरून पाणंदीनं चालताना लांबूनच कळलं. माणसाला कळतं, पण डोळे मान्य करत नाहीत. मी बांधावर पोचेपर्यंत स्वतःला सांगत होते की ते शेजारचं रान असेल. ते आमचंच होतं. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत काळं, सपाट, आणि बुडख्यांची करपलेली टोकं ओळीनं वर आलेली. दोन बगळे त्या राखेतून पाय उचलत फिरत होते. वाऱ्यानं राख थोडी उठायची आणि पुन्हा तिथंच बसायची.

आणि पलीकडच्या बांधावरून दत्तूतात्या हसत माझ्याकडे येत होते.

दत्तूतात्या आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. सत्तरीला आलेले, डोक्याला टॉवेल, आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशीही नदीपलीकडे हाक मारल्यासारखं बोलतात. त्यांच्या घराचा आणि सुभाषच्या घराचा पैरा वडिलांच्या काळापासूनचा. तेव्हा दोन्ही घरांत एकेकच बैल होता. एक यांचा, एक त्यांचा, अशी जोडी जुंपायची आणि दोन्ही रानं त्याच जोडीनं नांगरायची. याला पैरा म्हणतात. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण पैरा राहिला. याच्या रानात पाणी तुंबलं तर त्यानं फोडून द्यायचं, त्याची वैरण भिजत असेल तर यानं झाकायची. पैऱ्याला दोनच नियम. विचारायचं नाही आणि आभार मानायचे नाहीत.

“आलासा व्हय बाई?” तात्या म्हणाले. “बगा, कसं झालंय रान! तुमी पुण्याला गेलता. आठ दिस पाला तसाच. कोंब वर याला लागलंतं. म्हटलं, बाईंची वाट बगत बसलो तर खोडवा हातचा जायाचा. आनि लोकं बी बोलाय लागलीती, सुभाषराव गेलं आनि रान बेवारशी झालं म्हणून. म्हटलं, बेवारशी कसं? मी हाय की!”

त्यांच्या हाताला भाजल्याचा ताजा फोड होता. हौसाकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, मागून तांब्या घेऊन आल्या आणि मला पाणी दिलं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. शाबासकीसाठी नव्हे, पैऱ्यात शाबासकी नसते. मला बरं वाटलंय का, एवढंच बघत होते.

मी म्हणाले, “बरं केलंत तात्या.”

मला रडू आलं नाही. मला राग आला. तो कुणावर काढायचा तेच कळेना म्हणून तो आतच राहिला. ज्या माणसानं माझी अब्रू राखायला स्वतःचा हात भाजून घेतला त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्यानं नेमकं काय जाळलं हेही विसरता येत नाही. एसटीत परतताना माझ्या चपलांना राख लागलेली होती. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कुणाच्या मातीला गेलता काय?” मी नाही म्हणाले. मग वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी आठवड्यातून तीनदा रानात जात होते. करण्यासारखं फार काही नव्हतं, तरी जात होते. घरात खुर्च्या चार आणि माणूस एक, त्यापेक्षा बांधावर बसणं बरं. काळ्या रानातून हिरवे कोंब वर आले आणि लोक म्हणाले, खोडवा झकास आलाय. खरंच झकास दिसत होता. सकाळच्या उन्हात काळ्यावर हिरवं इतकं देखणं दिसतं की जाळणाऱ्याचं मन मोडवत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला अज्ञान म्हणतो ते पुष्कळदा सौंदर्याची आवड असते. झाडलेलं अंगण, सारवलेली चूल, पेटवलेलं रान, हे सगळं एकाच मनातून येतं. पाला पडलेलं रान म्हणजे केस न विंचरलेली बाई. तिच्याकडे बघून लोक म्हणणार, हिला कुणी नाही.

आणि मी तरी काय केलं होतं? आमच्या परसात आंब्याचं झाड आहे. वीस वर्षं रोज सकाळी मी त्याची पानं झाडून एका कोपऱ्यात गोळा करत होते आणि दर रविवारी काडी लावत होते. सोमवारी शाळेत जाऊन पालापाचोळ्याचं महत्त्व सांगत होते. यात काही चुकतंय असं मला एकाही रविवारी वाटलं नाही. शेताचं शास्त्र वेगळं आणि अंगणाची रीत वेगळी, अशी डोक्यात दोन खणांची फडताळं असतात आपल्या. माती वाचवायची तर नुसतं खत बदलून भागत नाही. सुंदर कशाला म्हणायचं ते बदलावं लागतं, आणि ते एकट्या माणसाला बदलता येत नाही. देखणेपण हे चारचौघांत ठरतं.

मी मात्र एकटीच होते. तात्या रोज भेटत होते, बोलत होते, भाकरी खायला बोलावत होते, आणि मी त्यांच्याशी मनातलं एक अक्षर बोलत नव्हते. बांधावरून जाणाऱ्या येणाऱ्याला ते माझ्यादेखत सांगायचे, “बाईंचा पाला मीच पेटवला. न्हाईतर गेलंतं रान!” मी मान हलवायची. त्या मान हलवण्यानं मला दिवसेंदिवस जास्त एकटं वाटायला लागलं. समोर बसलेल्या माणसाला आपण खोटं सांगितलेलं असलं की त्याची सोबत लागत नाही.

फाल्गुनात एके दिवशी तात्या माझ्या रानात पाणी पाजत होते. मी बांधावर बसले होते. फावड्यानं एक सरी मोडून दुसरी बांधत ते सहज म्हणाले, “फुडल्या वर्सी तुमी यायची गरज न्हाई. धुरानं खोकला हुतो तुमास्नी. मी हाय तवर दरसाल मीच पेटवून दीन.”

दरसाल. मी हाय तवर. त्या माणसानं मला जन्मभराचा शब्द दिला होता, आणि तो ऐकून माझ्या तोंडून निघालं, “तात्या, मला पेटवायचाच नव्हता पाला.”

“आँ?”

“कुजवायचा होता. ह्यांनी आणि मी ठरवलं होतं. जाण्याआधी त्यांनीच मला सांगितलं होतं.”

पाणी सरीतून वाहत होतं आणि तात्या ते बघत उभे होते. सरी भरून पाणी वरून सांडायला लागलं तरी फावडं हललं नाही. एवढ्या वर्षांत तात्यांच्या हातून पाणी वाया गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“मग त्या दिशी ‘बरं केलं’ म्हणालासा की.”

“म्हणाले.”

“कशापायी?”

 तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं, पण ते अर्धंच खरं होतं. तुम्हाला सांगून काय कळणार, असं मला वाटलं होतं, हे उरलेलं अर्धं. बुरशीला काय हवं, गांडुळाला काय हवं, याचा मी विचार केला होता. बांधापलीकडच्या माणसाला एक वाक्य सांगायचा विचार मी केला नव्हता.

“पैऱ्याला इचारत न्हाईत बाई,” तात्या म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. “न्हाईतर मी इचारलं असतं.”

त्यांनी सरी मोडली, पाणी पुढं काढलं, राहिलेलं रान नीट भिजवलं आणि फावडं धुऊन घरी गेले. त्या दिवशी भाकरीला बोलावलं नाही.

तेव्हापासून तात्या माझ्याशी चांगलं वागायला लागले. याच्यासारखी शिक्षा नाही. पूर्वी मनाला येईल तेव्हा पाणी सोडायचे, आता फोन यायचा. “बाई, आज पाणी सोडू का?” सोडा म्हटलं की, “किती वेळ सोडू?” तुम्हाला योग्य वाटेल तेवढं सोडा म्हटलं की, “तसं न्हाई, तुमी सांगा. रान तुमचं हाय.” बांधावर गवत वाढलं तर त्यांच्या बाजूचं काढायचे आणि माझ्या बाजूचं तसंच ठेवायचे. मध्ये अशी सरळ रेघ दिसायची. मी एकदा काकींना म्हणाले, तात्यांना म्हणावं पूर्वीसारखं बोला, शिव्या घाला हवं तर. काकी म्हणाल्या, “त्यास्नी सुभाषरावांचं लागलंय. जीव गेलेल्या मानसाचा शबूद मी जाळला म्हणत्यात.”

उन्हाळा गेला, पाऊस आला. दोन रानांचा ऊस वाढून एक झाला आणि बांध दिसेनासा झाला. त्या हिरव्या भिंतीच्या पलीकडे तात्यांचा आवाज ऐकू यायचा, कुणाला तरी हाका मारणारा, कुणाला तरी झापणारा. मी अलीकडे उभी राहून ऐकायची. कुणावर तरी ओरडता यावं इतकं जवळ असणं ही केवढी चैन आहे, हे मला माझ्या साठीत कळलं. घरी गेल्यावर मी रेडिओ मोठ्यानं लावायची. बोलणारा कुणाशीही बोलत असला तरी चालेल, असं वाटायचं.

यंदा आमचा ऊस डिसेंबरातच तुटला. या वेळी मी टोळी असतानाच तात्यांच्या घरी गेले आणि त्यांना, काकींना, दारात उभ्या असलेल्या भावकीतल्या दोघांना, सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं की मी पाला पेटवणार नाही, कुजवणार आहे. तात्या म्हणाले, “तुमचं रान हाय.” भावकीतला एकजण म्हणाला, “उंदरं हुत्यात बाई.”  दोन बायांनी तीन दिवसांत पाला सरीत दाबला. मी शेणाचं पाणी शिंपलं. कंबर धरली, पण झालं.

आता जवळजवळ दीड महिना झालाय. गेल्या आठवड्यात मी एका सरीतला पाला उचलून बघितला. वरचा थर कोरडा, खालचा ओला, तपकिरी, हाताला मऊ लागणारा. त्यात बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं. त्याच्याखाली बोटभर माती काळी झाली होती, आणि एक बेडूक माझ्याकडे बघत बसला होता, मीच दार न वाजवता त्याच्या घरात शिरल्यासारखं मला वाटलं. मी माती हातात घेतली. दाबायच्या आतच सुटली. कुणाला तरी दाखवावी म्हणून मी मूठ धरून उठले आणि आजूबाजूला बघितलं. तात्या त्यांच्या रानात ऊस तोडून घेत होते, पाठमोरे. मी माती पुन्हा खाली ठेवली.

आज चादर भिजत घालून मी पायरीवर बसले होते तेवढ्यात तात्यांचा फोन आला.

“बाई, आज आमचा पाला पेटवायचाय. तुमच्या बाजूनं वाळला पाला हाय, म्हणून बांधाकडच्या माझ्या दोन सऱ्या भिजवून घेतल्यात. तरी तुमी एकदा या. बगा, आनि पेटीव म्हणा. तुमी म्हटल्याबिगर मी काडी लावत न्हाई.”

एसटीत मी बोलायचं सगळं जुळवत होते. पांढरे धागे, बेडूक, सुटलेली माती. त्यांना सरीपाशी घेऊन जायचं आणि म्हणायचं, तात्या, तुमचाही पाला राहू दे यंदा. मी बरं बोलते, तीस वर्षांची सवय आहे. आणि ते ऐकतील हेही मला ठाऊक होतं. याच गोष्टीनं शिवाजी पुलावर पोचेपर्यंत माझं सगळं भाषण आटून गेलं. ते त्यांना पटलं म्हणून ऐकणार नव्हते. वर्षापूर्वी दुखावलेला माणूस आता माझ्या एका शब्दावर स्वतःचं रान सोडून द्यायला तयार होता, आणि तसं मिळवलेलं रान मला नको होतं.

मी पोचले तेव्हा तात्या बांधापाशी काडेपेटी धरून उभे होते. एकटेच होते. त्यांचा पाला गुडघ्याच्या वर होता, कडक वाळलेला. आगीतून पळणारे उंदीर-किडे टिपायला वाऱ्यावर घारी फिरायला लागल्या होत्या, त्यांना आधीच कळतं. भिजवलेल्या सऱ्या त्यांनी मला दाखवल्या, पुन्हा पुन्हा दाखवल्या. माझ्या पाल्याला ठिणगी लागू नये म्हणून त्यांनी काल दिवसभर पाणी वळवलं होतं.

“पेटवू न्हवं?” त्यांनी विचारलं.

आयुष्यात त्यांनी या बांधावर कुणालाही हे विचारलं नसेल. त्यांच्या तोंडी ते इतकं परकं वाटत होतं की मला त्यांच्याकडे बघवेना. मी पलीकडे बघितलं. त्यांच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्याच कुणाचा तरी उभा ऊस होता, अजून न तुटलेला, बुडाला वाळका पाला लोंबणारा. त्या बांधाला कुणी नव्हतं. माझी बाजू राखता राखता तात्यांना ती राखायला माणूसच उरला नव्हता.

मी पाटाकडेची निर्गुडीची एक मोठी डहाळी मोडली, ठिणग्या झोडपायला पाण्यात बुडवली आणि त्यांच्या पाल्यातून चालायला लागले.

“बाई, कुटं निघालासा? तुमचं रान हिकडं हाय! तिकडं धूर येणार समदा!”

 पाला पायाखाली वाजत होता, पोटऱ्यांना ओरखडत होता. पलीकडच्या बांधावर पोचून मी वळले आणि ओली डहाळी धरून उभ्या उसासमोर उभी राहिले. लांबवर तात्या काडेपेटी घेऊन तसेच थांबले होते. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, मानही हलवली नाही.  मग त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, नाकातोंडाला बांधला, खाली वाकले आणि पुन्हा न विचारता काडी लावली.

आग पहिल्यांदा ऐकू आली, मग दिसली. घारी खाली उतरल्या. धूर सरळ माझ्या अंगावर आला आणि मला काही दिसेना. उजवीकडे काहीतरी फुटल्यासारखं वाजलं, एक जळतं पान माझ्या पायाशी येऊन पडलं, आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. मला वाटलं, यात किती जीव असतील, आणि मी इथं उभी राहून याला हातभार लावते आहे.

धुराच्या पलीकडून तात्यांचा आवाज आला, पूर्वीच्याच ताकदीचा, नदीपलीकडे ऐकू जाईल असा.

“अवो बाई, बगत काय उभ्या ऱ्हायलाय येड्यागत! हाणा की!”

वर्षभरानं कुणीतरी माझ्यावर ओरडलं होतं. मी डहाळी उचलली आणि हाणली.